पॅरिस ते रोम: अंतर नेमकं किती आणि विमानाला वेळ किती लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: पॅरिसहून रोमला विमानाने जायचं आहे. अंतर एका ठिकाणी १,१०५ किमी दिसतं, दुसरीकडे १,१००, तिसरीकडे १,४२० आणि एके ठिकाणी तर नुसतं ५९४. वेळेचाही असाच घोळ आहे. कुठे १ तास १४ मिनिटं, कुठे १ तास ५३ मिनिटं आणि तिकिटावर २ तास १० मिनिटं. यातलं खरं काय? आणि सकाळी निघालं तर दुपारचं जेवण रोममध्ये होईल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. हवाई अंतर साधारण १,१०० किमी. विमान हवेत असतं पावणेदोन तासांच्या आत-बाहेर, तिकिटावरचा वेळ २ तास ५ ते १५ मिनिटं, आणि पॅरिसच्या हॉटेलातून निघून रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर पाय ठेवेपर्यंत सहा ते सात तास. सकाळी दहाचं विमान असेल तर जेवण रोममध्ये होईल, पण दोनच्या पुढे.

तुम्हाला दिसलेल्या आकड्यांपैकी खोटा एकही नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या दोन बिंदूंमधला किंवा वेगळ्या मापातला आहे, एवढंच. १,१०५ किमी हे पॅरिस शहराच्या मध्यापासून रोम शहराच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर. पण शहराच्या मधोमध कुणी विमान उतरवत नाही. पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ (पुढे सगळीकडे सीडीजी म्हणतो) शहराच्या ईशान्येला आहे आणि रोमचा फ्युमिचीनो नैर्ऋत्येला, समुद्रकाठी. या दोघांमधलं अंतर १,१०० किमी भरतं. पॅरिसच्या दक्षिणेच्या ऑर्लीहून निघालात तर ते १,०९० च्या खाली येतं. बोव्हेहून रोमच्या चाम्पीनोला जाणारं स्वस्त विमान पकडलंत तर तेच अंतर १,१७५ किमीपर्यंत जातं, कारण बोव्हे हे नावाला पॅरिस. प्रत्यक्षात ते शहरापासून ८५ किमी उत्तरेला आहे. १,४२० किमी हे रस्त्याचं अंतर. आणि ५९४ हे नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, तेव्हा गुणून पाहा, पुन्हा १,१०० च येतील. वैमानिक आणि हवाई नियंत्रक याच मापात बोलतात, म्हणून काही संकेतस्थळं तोच आकडा देतात आणि एकक लिहायला विसरतात.

हे अंतर स्वतः काढून बघायचं असेल तर साधा कॅल्क्युलेटर पुरतो. सीडीजी आहे ४९.०१ अंश उत्तर, २.५५ अंश पूर्व. फ्युमिचीनो ४१.८० उत्तर, १२.२४ पूर्व. अक्षांशांतला फरक ७.२१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११.२ किमी, म्हणून दक्षिणेकडे ८०२ किमी. रेखांशांतला फरक ९.६९ अंश, पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो. म्हणून दोन्ही ठिकाणांचा सरासरी अक्षांश, म्हणजे ४५.४, त्याची कोसाइन घ्यायची: ०.७०२. आता १११.३ गुणिले ०.७०२ म्हणजे ७८.१ किमी, त्याला ९.६९ ने गुणलं की पूर्वेकडे ७५७ किमी. शाळेतला पायथागोरस लावा: ८०२ चा वर्ग अधिक ७५७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १,१०३. पृथ्वीच्या गोलाईचं पूर्ण सूत्र वापरलं तर १,१०१ येतं. दोन किलोमीटरची चूक, तीही कागदाच्या पाठीवर केलेल्या हिशोबात. युरोपातल्या बहुतेक दोन शहरांसाठी ही पद्धत चालते. मुंबई–लंडनला मात्र लावू नका. तिथे हा सपाट हिशोब ७,५७० किमी सांगतो आणि खरं अंतर ७,२०० च्या आसपास आहे. अंतर वाढलं की पृथ्वी गोल आहे हे विसरून चालत नाही.

आता वेळ. १ तास १४ मिनिटं कुठून आली? १,१०५ ला ९०० ने भागलं. म्हणजे विमान दारातून सुटल्यापासून दारात लागेपर्यंत ताशी ९०० किमीनेच धावतं असं धरलं. १ तास ५३ मिनिटं हा त्यापेक्षा शहाणा हिशोब: ताशी ८०० किमी आणि वर अर्धा तास चढ-उताराचा. खरा हिशोब यापेक्षा लांब नाही, पण त्यात चार तुकडे आहेत आणि ते सुटे पाहिले की सगळं स्वच्छ दिसतं.

या मार्गावर बहुतेक वेळा एअरबस ए३२० च्या घराण्यातलं किंवा बोइंग ७३७ विमान असतं. ए३२० साधारण ३६,००० फुटांवर, ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातं. त्या उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतात आणि इतक्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमीपर्यंत उतरलेला असतो. त्याच्या ०.७८ पट म्हणजे ताशी ८२८ किमी. हा वेग फक्त वरच्या सपाट टप्प्यात मिळतो. चढायला बावीसेक मिनिटं जातात, त्यात २२० किमी कापले जातात. उतरायला सुरुवात होते ती विमानतळ अजून दोनशे-सव्वादोनशे किमी लांब असताना. वैमानिकांचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे ३६,००० फुटांना १०८ नॉटिकल मैल, २०० किमी. शिवाय वेग कमी करायला आणि उतरण्याच्या रांगेत लागायला थोडं जास्त धरावं लागतं, म्हणून २४० किमी आणि २७ मिनिटं धरू.

शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला उडावं लागतं, मग ठरवून दिलेल्या वाटेने वळावं लागतं, आणि रोमजवळ उतरणाऱ्यांच्या रांगेत शिरायला पुन्हा वळसा. या मार्गावर १,१०० चे १,१८० किमी होणं अगदी नेहमीचं. त्यातून चढ-उताराचे ४६० वजा केले की सपाट टप्पा उरतो ७२० किमी. ताशी ८२८ ने ५२ मिनिटं. बावीस, बावन्न आणि सत्तावीस मिळून १०१ मिनिटं, म्हणजे १ तास ४१ मिनिटं. कॅप्टन माइकवर "आपला प्रवास पावणेदोन तासांचा" वगैरे सांगतो तो हा आकडा.

तिकिटावरचा आकडा मात्र वेगळ्या घड्याळाचा आहे. ट्रक चढावर उभा करताना क्लीनर चाकाला उटी लावतो ना, तशी विमानाच्या चाकांनाही उटी असते. ती काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे ठरलेल्या जागी उभं राहिलं की बंद. यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. सीडीजी प्रचंड पसरलेला विमानतळ आहे, धावपट्ट्या चार. गेटपासून धावपट्टीच्या तोंडापर्यंत रांगत जायला १५ मिनिटं सहज जातात, सकाळच्या गर्दीत वीसही. फ्युमिचीनोला उतरल्यावर आठेक मिनिटं. १०१ मध्ये हे २३ मिळवा: १२४ मिनिटं, २ तास ४. कंपनी त्यावर पाच-दहा मिनिटांची गादी घालते, कारण १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर पोचलं असं या धंद्यात धरतात. झाले तुमचे २ तास १० मिनिटं.

याचा एक ठोकताळा करून ठेवा: किलोमीटरमधल्या हवाई अंतराला ८३० ने भागा, येतील ते तास, त्यात ४५ मिनिटं मिळवा. पॅरिस–रोमला २ तास ५ मिनिटं येतात. लंडन हीथ्रो ते सीडीजी ३५० किमीच आहे, हिशोबाने १ तास १० मिनिटं. तिथे दोन्ही विमानतळ अवाढव्य असल्याने वेळापत्रकात दहा-पंधरा मिनिटं जास्तच दिसतील. लिस्बन–हेलसिंकी ३,३६५ किमी, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. अंतर कमी तसा त्या ४५ मिनिटांचा वाटा मोठा, हे लंडन–पॅरिसवरून दिसतंच. एक सावधगिरी: तिकिटावर विमानाचा प्रकार एटीआर लिहिला असेल तर हा ठोकताळा विसरा. पंख्याचं विमान आहे ते, ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. पॅरिस–रोमला ते सहसा भेटणार नाही, लहान शहरांच्या मार्गांवर भेटेल.

वाऱ्याचं काय? युरोपावर वरच्या थरात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणून पॅरिसहून रोमला जाताना थोडा पाठीशी आणि परतताना थोडा तोंडावर. वेळापत्रकात रोम–पॅरिस पाच-दहा मिनिटं जास्त दिसण्याचं एक कारण हेच. पण या मार्गावर वाऱ्याचं फार कौतुक नको. वाऱ्याचा खरा परिणाम ७२० किमीच्या सपाट टप्प्यावर. ताशी ६० किमीचा वारा पाठीशी असला तर ५२ ची ४९ मिनिटं होतात, तोंडावर असला तर ५६. संपले. लिस्बन–हेलसिंकीसारख्या लांब, पश्चिम-पूर्व मार्गावर मात्र ताशी ८० किमीच्या वाऱ्याने जाता-येता चाळीस मिनिटांचा फरक पडतो.

घड्याळाचा गोंधळ पॅरिस–रोमला नाही. दोन्हीकडे एकच वेळ आणि उन्हाळी वेळही एकाच रात्री बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. भारताची वेळ त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. लंडन जोडलंत की मात्र सांभाळा. रोमहून ११ ला निघून लंडनला १२.४० ला पोचणारं विमान १ तास ४० मिनिटांत जात नसतं. लंडनचं घड्याळ तासभर मागे आहे, प्रवास २ तास ४० मिनिटांचा. पुढची गाडी धरायची असेल तर वजाबाकी करू नका, तिकिटावर छापलेला कालावधी वाचा.

वाटेत काय दिसतं, हेही विचारलं जातंच. सरळ रेषेने गेलं तर फ्रान्सच्या बर्गंडी भागावरून जाऊन आल्प्स ओलांडायचा, आणि बरोब्बर मध्यबिंदू येतो इटलीतल्या इव्ह्रेआ गावाच्या थोडा पश्चिमेला, जिथे डोंगर संपून पो नदीचं सपाट मैदान सुरू होतं. ही रेषा मों ब्लां शिखराच्या वीस-पंचवीस किमी ईशान्येकडून जाते. म्हणजे रोमला जाताना उजव्या खिडकीत मों ब्लां आणि डावीकडे मॅटरहॉर्न. प्रत्यक्ष वाट दर दिवशी थोडी सरकते, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही, पण सकाळच्या विमानात उजवी बाजू घ्यावी. ऊन डावीकडून येतं, उजवीकडचा बर्फ स्वच्छ दिसतो. उड्डाणानंतर ४०-५० मिनिटांनी बाहेर बघा आणि पंखाच्या बरोबर वरची रांग टाळा.

आता दुपारच्या जेवणाचा प्रश्न. गार द्यु नोर स्टेशनजवळ उतरला आहात आणि १० चं विमान सीडीजीहून आहे असं धरू. सव्वासातला हॉटेल सोडा. आरईआर बी लोकलने विमानतळापर्यंत ३५ मिनिटं, पण तिकीट काढणं, फलाट शोधणं आणि उतरून टर्मिनलपर्यंत चालणं धरून गेटच्या इमारतीत शिरायला साडेआठ होतात. सामान द्यायचं असेल तर दोन तास आधीचा नियम पाळा, म्हणजे आणखी अर्धा तास लवकर निघा. १० ला विमान हलतं, १२.१० ला फ्युमिचीनो. हातातली बॅग असेल तर १२.३० ला स्टेशनच्या फलाटावर. बेल्टवरून सामान घ्यायचं तर पाऊण वाजतो, कधी एक. तिथून लिओनार्डो एक्सप्रेस ३२ मिनिटांत, मध्ये कुठे न थांबता तेर्मिनीला. म्हणजे सामान नसेल तर सव्वाएक, असेल तर पावणेदोन. हॉटेलात बॅग टाकून जेवायला बसेपर्यंत दोन वाजून गेलेले असतात. रोममधल्या बऱ्याच जुन्या खानावळी पावणेतीन-तीनला स्वयंपाकघर बंद करतात, तेव्हा सामान असेल तर नऊच्या आतलं विमान बरं.

या साखळीत माणसांचं विमान चुकतं ते विमानामुळे नाही, आधीच्या दोन जागांमुळे. पहिली जागा आरईआर बी. ही लाइन उत्तरेला ओल्ने-सू-ब्वा इथे फुटते. एक फाटा विमानतळाला जातो, दुसरा मित्री-क्लेला. फलाट तोच, डबे तसेच. फलाटावरच्या फलकावर शार्ल द गॉलपुढचा दिवा पेटलेला आहे का हे पाहिल्याशिवाय चढू नका. चुकून मित्रीच्या गाडीत बसलात तर ओल्नेलाच उतरा आणि मागच्या गाडीने जा, दहा-पंधरा मिनिटं जातील. त्यापुढे गेलात की हिशोब बिघडतो. रात्री उशिरा रुळांच्या कामासाठी या लाइनवर गाड्यांऐवजी बस असतात, म्हणून पहाटेच्या किंवा रात्रीच्या विमानाला आदल्या दिवशी ॲप पाहणं भाग आहे. विमानतळावर स्टेशनंही दोन: टर्मिनल १ आणि ३ साठी पहिलं, टर्मिनल २ साठी शेवटचं. चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर घाबरायचं कारण नाही, सीडीजीव्हॅल नावाची फुकट छोटी गाडी फिरत असते. पण पंधरा मिनिटं धरा.

ऑर्लीला जाणं आता फार सोपं झालंय. जून २०२४ पासून मेट्रो १४ थेट विमानतळाखाली जाते, शात्लेहून २५ मिनिटांत. शहराच्या दक्षिण भागात राहत असाल तर ऑर्लीच घ्या, किमतीत थोडा फरक असला तरी. दोन्ही विमानतळांसाठी वेगळं विमानतळ-तिकीट लागतं. २०२५ मध्ये ते १३ युरो होतं. शहरातलं साधं मेट्रो तिकीट दाखवून बाहेर पडता येत नाही आणि दंड जागेवर होतो. ऑर्लीची एक खोड: रात्री साडेअकरानंतर सकाळपर्यंत तिथे विमानं उतरत नाहीत. रोमहून परतीचं शेवटचं विमान तासभर रखडलं तर ते सीडीजीला उतरवतात, किंवा रद्दच करतात. शेवटचं विमान शक्यतो टाळा.

दुसरी जागा म्हणजे तिकिटावरची विमानतळाची तीन अक्षरं, सीडीजीसारखी. "पॅरिस ते रोम, ३० युरो" असं दिसलं की पहिल्यांदा बोव्हे आहे का बघा. बोव्हेची बस सव्वा तास घेते, आणि विमान सुटण्याच्या तीनेक तास आधी निघणारी बस पकडावी लागते. बसचं भाडं आणि गेलेला वेळ मिळवला की ३० युरोंचे ५० होतात. शिवाय या कंपन्यांत फुकट चालणारी बॅग म्हणजे सीटखाली बसणारी, साधारण ४० बाय ३० बाय २० सेंमी. चाकं आणि मूठ धरून. गेटवर बॅग मोठी निघाली तर तिकिटापेक्षा जास्त पैसे बॅगेचे द्यावे लागतात. सामान जमा करण्याची खिडकी ४० मिनिटं आधी बंद होते, ३९ ला पोचून हुज्जत घालून उपयोग नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पॅरिस–रोम दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, म्हणून मध्ये इमिग्रेशन नाही. पण पासपोर्ट बॅगेत टाकून सामान जमा करू नका. ओळखपत्र म्हणून तो लागतोच. शिवाय काही स्वस्त कंपन्या युरोपाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायला लावतात, मोबाइलवर बोर्डिंग पास असला तरी. हे वाचलं नसेल तर गेटवरून परत पाठवतात, आणि काउंटरची रांग तोपर्यंत वाढलेली असते. मुंबईहून पॅरिसमार्गे रोमला एकाच तिकिटावर जात असाल तर इमिग्रेशन पॅरिसला होतं, रोमला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने तिथे पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटोही घेतले जात आहेत, त्यामुळे मधला वेळ दोन तासांहून कमी नको, तीन बरा. तिकिटं दोन वेगळी काढली असतील तर सामान पॅरिसला घेऊन पुन्हा द्यावं लागेल, आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते. व्हिसा मात्र पहिल्यांदा उतरता त्या देशाचा नाही, जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाचा घ्यायचा.

रोमला उतरल्यावरची नेहमीची चूक गाडीची. फ्युमिचीनोच्या एकाच छोट्या स्टेशनातून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात. लिओनार्डो एक्सप्रेस, १४ युरो, फक्त तेर्मिनी. आणि एफएल१ लोकल, ८ युरो, जी त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिनाला जाते आणि तेर्मिनीला जातच नाही. तुमचं हॉटेल त्रास्तेव्हेरेला असेल तर १४ युरो देऊन तेर्मिनीला जाणं आणि तिथून परत येणं म्हणजे कल्याणला जाण्यासाठी आधी व्हीटी गाठण्यासारखं आहे. कागदी लोकल-तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, न छापलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यात जमा. तीन-चार जणं सामानासह असाल तर टॅक्सी परवडते. जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आत जाण्याचं भाडं महापालिकेने ठरवून दिलेलं आहे, माणशी नाही तर गाडीमागे, सामानासह. पांढरी, मीटरवाली टॅक्सीच घ्या आणि बसण्याआधी ठरावीक भाड्याचं बोलून घ्या.

उशीर होतो तो कशामुळे? उन्हाळ्यात दुपारनंतर आल्प्स आणि पोच्या मैदानावर गडगडाटी ढग चढतात, विमानांना वळसा घालावा लागतो. हिवाळ्यात पॅरिसला पंखांवरचं बर्फ काढण्याची फवारणी होते आणि ती गेट सोडल्यानंतर, तुम्ही आत बसलेले असताना. वीस-तीस मिनिटं त्यात जातात. सगळ्यात त्रासाचं कारण मात्र फ्रान्सच्या हवाई नियंत्रकांचे संप. तेव्हा युरोपाची हवाई वाहतूक सांभाळणारी युरोकंट्रोल ही संस्था ब्रसेल्सहून प्रत्येक विमानाला सुटण्याची नेमकी वेळ देते. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर एवढ्याच फटीत उडावं लागतं. फट चुकली की नवी वेळ, कधी तासाभराने. एका प्रवाशाची वाट बघत दार उघडं का ठेवत नाहीत, याचं उत्तर या पंधरा मिनिटांत आहे.

रेल्वेचा विचार करत असाल तर पॅरिसच्या गार द लियोंहून मिलान सात तास, मिलान–रोम तीन तास, बदलीसकट साडेदहा ते अकरा तास. दरड कोसळल्याने ऑगस्ट २०२३ पासून बंद असलेला वाटेतल्या मॉरिएन खोऱ्यातला लोहमार्ग मार्च २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला, त्यामुळे आता मध्ये बसचा तुकडा नाही. टीजीव्हीने, म्हणजे फ्रेंच वेगवान गाडीने, जात असाल तर गाडी तोरिनो पोर्ता सूझाला बदला. रोमची वेगवान गाडी त्याच स्टेशनात येते. मिलानला टीजीव्ही पोर्ता गारिबाल्दीला थांबते आणि रोमच्या बहुतेक गाड्या चेंत्रालेहून सुटतात, सामान ओढत स्टेशन बदलावं लागतं. मोटारीचे १,४२० किमी म्हणजे न थांबता चौदा तास. मों ब्लांचा ११.६ किमीचा बोगदा अलीकडे शरद ऋतूत दुरुस्तीसाठी आठवडेच्या आठवडे बंद असतो. स्वित्झर्लंडमधून वळलात तर वर्षभराचा ४० फ्रँकचा टोल-स्टिकर लागतो, एकदाच जायचं असलं तरी.

राहता राहिलं ते अंतर, आणि ते पैशात कुठे मोजलं जातं. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान ३ तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असला, तर १,५०० किमीपर्यंत २५० युरो भरपाई मिळते. पॅरिस–रोम त्यात बसतं. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नाही, विमानाचं दार उघडल्याची. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे स्पष्ट केलं, म्हणून २ तास ५५ मिनिटं उशीर दिसत असेल तर दार उघडताना मोबाइलवर वेळेचा फोटो काढून ठेवा. हवामान आणि नियंत्रकांचा संप यात कंपनीचा दोष धरत नाहीत, पण खाणं-पिणं आणि रात्रीचं हॉटेल तेव्हाही तिला द्यावंच लागतं. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र कंपनीच्या खात्यात जातो.

विमान बदलून जात असाल तर तुकड्यांची बेरीज धरत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलं सरळ अंतर धरतात. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांच्या खटल्यात २०१७ साली हाच मुद्दा होता. तुकड्यांची बेरीज १,६५६ किमी, सरळ अंतर १,३२६. न्यायालयाने १,३२६ धरले आणि भरपाई २५० युरोंच्या पायरीतच राहिली. हाच नियम मुंबईकराच्या बाजूनेही पडतो. मुंबई–पॅरिस–रोम एकाच तिकिटावर, युरोपीय कंपनीने जाताना फक्त शेवटचं पॅरिस–रोम विमान रखडलं, तरी अंतर मुंबई–रोमचं, ६,१९० किमी, धरलं जातं. तेव्हा पायरी ६०० युरोंची. उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर कंपनी त्याचे निम्मे करू शकते. मुंबईहून भारतीय कंपनीने निघाला असाल तर जातानाच्या प्रवासाला हा नियम लागू नाही, त्याच कंपनीच्या युरोपातून सुटणाऱ्या परतीच्या विमानाला लागू आहे.